गाईला चमच्यानं, अक्काला मुठीनं

सेलेनियम हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो गाईसाठी. वडगाव रासाईला माझ्या मोठ्या दिरांच्या गोठ्यात चार एचएफ जातीच्या गाई आहेत. दिरांना सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणते. गाईंच्या खनिज मिश्रणाच्या पिशवीवर कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, कोबाल्ट अशी यादी छापलेली असते आणि पार खाली कुठंतरी बारीक अक्षरात सेलेनियम. आप्पा ती पिशवी चष्मा लावून वाचतात. पिशवीत मापाचा प्लास्टिकचा चमचा येतो. तो भरायचा, वर आलेलं बोटानं सपाट करायचं आणि मगच पेंडीत मिसळायचं, असा त्यांचा नेम. एकदा मी विचारलं, "जरा जास्त पडलं तर काय होतं हो आप्पा?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाईला विष घालायलाच निघाले होते.

"मॅडम, तुमी सायन्स शिकवता नव्हं? मापाच्या भाईर गेलं की जनावराला बाधतंय."

जनावराला काय बाधतं हे ज्या माणसाला इतकं पाठ, त्याला आपल्या बायकोच्या गोळीचं नाव ठाऊक नव्हतं. नाव सोडा, ती गोळी कशाची हेही ठाऊक नव्हतं. "गळ्याची हाय कसलीतरी," एवढंच. ह्या अडाणीपणावर मी चार वर्षं हसत आले. त्यात त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्काचा, जीव जायची वेळ आली आणि मग हसू बंद झालं. कसं बंद झालं, तेच सांगते.

मी दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते पाटसला, कारण नवरा तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला आहे. गावी जाणं शनिवार-रविवारी. भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका संपून शिरूर लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या उसातून जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. तिथं आप्पा आणि माझी मोठी जाऊ दोघंच असतात. जावेला मी अक्का म्हणते. त्यांचा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, शिरूरला खोली घेऊन राहतो आणि महिन्यातून एकदा उगवतो.

अक्का कामाला वाघ. चारही गाईंच्या धारा, शेण, झाडलोट, भाकऱ्या, एवढं सगळं उरकून ती रानात गेलेली असायची तेव्हा मी पाहुण्यासारखी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलेली असायचे. चार वर्षांपूर्वी हा वाघ अचानक बसून राहायला लागला. अंग सुजल्यासारखं दिसायचं, केस पुंजक्यानं गळायचे, भर उन्हाळ्यात ती गोधडी ओढायची. आप्पांचं निदान तयार होतं : आळस. मीच तिला दौंडच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं आणि ते म्हणाले, "तुमचा थायरॉईड कमी काम करतोय." सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी एक गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही, एवढंच काम. तीन महिन्यांत अक्का पुन्हा रानात.

थायरॉईड ह्या शब्दाची आमच्या भागात जी दशा झाली आहे ती बघून मला संताप येतो. लोकांना थायरॉईड 'होतो'. काहींना तो 'निघतो'. आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई हळू आवाजात, एखादं घरचं गुपित सांगावं तसं म्हणाल्या, "मला थायरॉईड आहे." मी म्हटलं, "मलाही आहे. शिपायालाही आहे. गळ्यात असतो तो, सगळ्यांच्याच." त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले आहेत. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. अडाण्याला अडाणी म्हणायला कुणीतरी पाहिजेच, असं मला वाटायचं.

मग मांडवगण फराट्याला ते व्याख्यान झालं. बचत गटाच्या बायकांसाठी, मंगल कार्यालयात, दुपारी. अक्कानं फोन करून सांगितलं, "मॅडम, थायरॉईडवर भाषण हाय, तू ये. मला कळलं न्हाई तर सांगशील." लग्न होऊन मी आले तेव्हापासून ती मला मॅडम म्हणते. त्यात थोडी थट्टा असते आणि थोडा अभिमान असतो, असं मी धरून चालले होते.

व्याख्यानाला पुण्याहून एक कोच आल्या होत्या. क्रिकेटच्या नव्हे, आरोग्याच्या. पांढरा कोट, हातात माईक, मागं पडद्यावर गळ्याचं रंगीत चित्र आणि त्यावर फुलपाखरू. कारण थायरॉईड फुलपाखरासारखा असतो, आणि बायकांना फुलपाखरू दाखवलं की समजतं असा ह्या लोकांचा समज असतो. आधी सगळ्यांना डोळे मिटून गळ्याला हात लावायला सांगितलं. मग 'थँक यू थायरॉईड' म्हणायला लावलं. सत्तर-ऐंशी बायका, कुणाच्या हाताला शेणाचा वास, कुणाच्या उसाच्या पाचटाचे चरे, सगळ्या गळा धरून 'थँक्यू थायराड' म्हणत होत्या. मी तेवढी हात मांडीवर ठेवून बसले.

मग आलं सेलेनियम. "थायरॉईडला सर्वांत जास्त काय लागतं? सेलेनियम! कशात असतं? ब्राझील नट, ट्यूना, सॅल्मन, ऑयस्टर!"

पुढच्या रांगेतली एक आजीबाई म्हणाली, "त्ये शेवटचं काय म्हणला, बाई?"

"ऑयस्टर. मराठीत कालवं म्हणतात."

"कालवण व्हय? मंग त्ये तर रोजच करतो की आमी."

सगळं कार्यालय हसलं. कोचबाईंना सगळ्या का हसल्या ते समजलं नाही, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "व्हेरी गुड, रोज खायचं." झालं. मांडवगण परिसरात आता रोजच्या कालवणानं थायरॉईड बरा होतो.

खोटं त्या काही बोलल्या नव्हत्या, हीच तर पंचाईत. थायरॉईडला सेलेनियम लागतं हे खरंच आहे. ग्रंथी जो रस तयार करते तो अंगात वापरता येईल असा बदलून घ्यायला ते लागतं, आणि ग्रंथीची झीज आवरायलाही त्याची मदत होते. पण लागतं अगदी चिमटीहून चिमटीभर, आणि ते अंड्यात असतं, माशात असतं, सूर्यफुलाच्या बियांत असतं, थोडंफार रोजच्या धान्यातही असतं. आणि मुख्य म्हणजे ज्याची ग्रंथीच दमली आहे त्यानं हे सगळं खाल्लं तरी गोळी सुटत नाही. जेवण हे मदतनीस, गोळी ती गोळी. हे मी परत येताना गाडीत अक्काला सांगितलं. म्हणजे मला तसं आठवतं. खरं तर मी निम्मा रस्ता त्या कोचबाईंची नक्कल करत होते आणि अक्का खळखळून हसत होती.

आता अंडी आणि मासे म्हणाल तर दोन्ही घरात होते. ब्राझीलला जायची गरजच नव्हती. अक्का आठ-दहा कोंबड्या पाळते. अंडी कोण खातं? आप्पा दोन, आणि मुलगा आला की त्याला चार, कारण तो जिमला जातो. मासे रविवारी नदीवरून येतात, मरळ किंवा चिलापी. साफ अक्का करते, मसाला अक्का वाटते, चुलीपुढं अक्का बसते. ताटात मधली तुकडी आप्पांच्या, शेपटीकडची माझ्या नवऱ्याच्या, आणि अक्काच्या वाटीत तो मसाला ज्यातून मासा पोहून गेला आहे. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुमचं सेलेनियम तर आप्पांच्या पोटात चाललंय." ती म्हणाली, "जाऊ दे गं, मला काट्याचं जमत न्हाई." आयुष्यभर मासे निवडणाऱ्या बाईला काट्याचं जमत नाही! आणि आप्पा तुकडी चोखत म्हणाले, "पोराला सांगितलंय, त्ये ब्राझीलचं मागवतोय." बायकोला आपल्या ताटातला मासा द्यायचा नाही, पण परदेशातनं दाणे मागवायचे. ह्याला आमच्याकडे बायकोची काळजी घेणं म्हणतात.

मुलानं मोबाईलवरून मागवलं. किलोभराची बरणी आली. जाड, खोबऱ्याच्या तुकड्यांसारखे दाणे. दिवसाला एक, फार तर दोन, त्यापुढं नाही, एवढी ती ताकदीची चीज. बरणीवर लिहिलं असेलही, पण इंग्रजीत. मुलगा म्हणाला, "आई, मूठभर खात जा, चांगलं असतंय." अक्का शेंगदाणे खावेत तशी खायची, धार काढता काढता, रानात जाता जाता. त्याच अंगणात आप्पा गाईच्या चमच्यावरचं वर आलेलं बोटानं सपाट करत होते. हे दृश्य मी एकदा ओट्यावरून बघितलं आणि हसून हसून माझा चहा सांडला. मी अक्काला म्हटलंसुद्धा, "मूठभर नको हो, एक पुरे." पण कसं म्हटलं? "एवढे खाल्लेत तर पोर्तुगीज बोलायला लागाल" असं म्हटलं. ती हसली आणि मूठभरच खात राहिली.

दोन महिन्यांनी तिच्या श्वासाला लसणाचा वास यायला लागला. नखं पांढरी पडून मोडायला लागली. केस तर पुन्हा पुंजक्यानं. ही सगळी सेलेनियम जास्त झाल्याची लक्षणं आहेत आणि हे मला त्या वेळी माहीत होतं का? पुस्तकात कुठंतरी वाचलं होतं. पण समोर अक्का उभी होती आणि मला सुचलं ते एवढंच, "आज ठेच्यात लसणाचा अख्खा गड्डा घातला का काय?" तिनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर माझ्याशी बोलताना ती जरा लांब उभी राहायला लागली.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं वर्षाचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्टचा फोटो मुलानं मला पाठवला. सहामाहीचे पेपर माझ्यापुढं पडले होते, वर्गात जायची बेल होत होती आणि तेवढ्यात अक्काचा फोन.

"मॅडम, बघितलास का रिपोर्ट? काय म्हनतोय?"

आकडा मी बघितला होता. टीएसएच बराच वर गेला होता. मला अर्थ लगेच समजला. गोळी नीट लागू पडत नाहीये. चहाबरोबर घेत असणार, आमच्या घरात पहाटेच्या चहाशिवाय माणूस हलत नाही. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण मला त्या मूठभर दाण्यांची आठवण झाली, त्या कोचबाईंची आठवण झाली, आणि जीभ सुटली.

"वाढलाय की हो अक्का तुमचा थायरॉईड! चांगलाच वाढलाय. खा, अजून खा ब्राझील!"

"खरंच वाढला?"

"मग! रेकॉर्डच केलंय तुम्ही. डॉक्टरांना दाखवून या एकदा."

आणि फोन ठेवून मी आठवी ब वर गेले.

दिवाळीला गेले तर चकल्या विकतच्या होत्या. अक्का भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "काय हो, ह्या वर्षी सुट्टी घेतली वाटतं?" तिनं उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मी दुसऱ्याच विषयावर गेले. डिसेंबरात तिचा आवाज बसला, जाड झाला, फोनवर आप्पाच बोलतायत की काय असं वाटायचं. मी त्याचीही नक्कल केली, नवऱ्याला करून दाखवली. आप्पा म्हणायचे, "दाने खाऊन खाऊन वजान वाढलंय, दुसरं काय न्हाई." मुलगा आला तेव्हा त्यानं आईची अवस्था बघितली आणि आणखी एक बरणी मागवली. कुणीही, अगदी कुणीही, तिला विचारलं नाही की गोळी घेतेस ना. मी तर विज्ञान शिकवते. मी विचारायला हवं होतं. मीही वजनावरच बोलले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दुपारी गावी गेले. अंगणात ऊन होतं, बायका येत-जात होत्या, आणि अक्का आत शाल पांघरून खुर्चीत बसली होती. यजमानीण खुर्चीत, आणि वाण शेजारच्या सुना वाटतायत. माझ्या तोंडावर आलं होतं, "महाराणी झालात की." तोंडावर आलं होतं हे मी लपवत नाही. पण जवळ जाऊन बघते तर ती कुंकवाची डबी हातात धरून झोपली होती. तोंड सुजलं होतं, पापण्या फुगल्या होत्या. हात धरला तर पाण्याच्या माठाला लावावा तसा गार. नाडी बघितली. एक ठोका पडला की दुसरा पडतो की नाही अशी वाट बघावी लागत होती. मी हाक मारली. तिनं डोळे उघडले, मला ओळखायला थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "मॅडम व्हय... बस की. च्या टाकते." आणि पुन्हा डोळे मिटले.

मी घाबरले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आप्पा म्हणत होते, "आसू द्या, थंडीनं झालं आसंल, बायकांचं होऊ द्या आधी." मी त्यांच्यावर ओरडले, पाहुण्या बायकांसमोर ओरडले, आणि अक्काला गाडीत घालून दौंडला आणलं. पूल ओलांडताना ती माझ्या खांद्यावर कलंडली होती. तिच्या तोंडाला लसणाचा वास येत होता आणि मला त्या वासानं रडू यायला लागलं.

डॉक्टरांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या, नर्सला पटापट काही सांगितलं. मग अक्काच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, "गोळी किती दिवस बंद आहे?"

मीच घाईनं म्हटलं, "बंद नाही हो डॉक्टर. रोज घेतात त्या."

अक्का एकेक शब्द ओढून आणल्यासारखं बोलली. "दिवाळीच्या आदीपासनं... न्हाई घेतली."

"का बंद केली?"

"कमी व्हता तवा गोळी दिली व्हती तुमी. आता वाढला. मंग गोळी कशापायी?"

"कोण म्हणालं वाढला?"

तिनं हात उचलून माझ्याकडे दाखवलं. तक्रार म्हणून नव्हे. एखाद्या भरवशाच्या माणसाचं नाव सांगावं तसं सांगितलं. "ह्या मॅडमनं. सायन्स शिकीवती."

डॉक्टर मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. रिपोर्टातला तो आकडा थायरॉईडचा नसतो. तो मेंदूच्या हुकमाचा असतो. ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदू जास्त जोरात हुकूम सोडतो, म्हणून आकडा वर जातो. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड पडला. हे मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. खालचा बाण, वरचा बाण, उलटसुलट नातं. परीक्षेत हमखास विचारते आणि ज्यांचं चुकतं त्यांच्या पेपरावर लाल शाईनं टोमणा लिहिते.

आणि अक्काचा हिशेब किती सरळ होता बघा. डॉक्टर म्हणाले थायरॉईड कमी आहे. तिनं ब्राझीलचे दाणे मूठमूठ खाल्ले. मॅडम म्हणाल्या वाढला, रेकॉर्ड केलंय, अजून खा. म्हणजे दुखणं गेलं. माझा टोमणा तिला शाबासकी वाटला होता. डॉक्टरांना दाखवून या, हे मी म्हटलं होतं खरं, पण बरं झालेल्या माणसानं डॉक्टरकडे कशाला जायचं?

सात दिवस ती दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस काहीही सांगता येत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आणखी आठ-दहा दिवस असेच गेले असते तर ही बाई झोपेतून उठली नसती. आप्पा बाकावर बसून होते. गाईंच्या धारा कोण काढणार, म्हणून सारखे गावी फोन लावत होते. मी त्यांच्याकडे तुच्छतेनं बघायला मान वळवली आणि मला ते जमलं नाही. त्यांनी तिला काही चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

तरी मी सहजासहजी हार मानणाऱ्यांतली नाही. कुणावर तरी खापर फोडायला मला हवंच होतं. अक्का सुधारल्यावर मी गावी जाऊन मांडवगणच्या व्याख्यानात वाटलेला कागद शोधून काढला. आरशाच्या मागं खोचलेला सापडला. त्या कोचबाईंना फोन लावायचा, त्यांची अशी खरडपट्टी काढायची की परत कुठल्या गावात फुलपाखरू घेऊन जाणार नाहीत, अशी वाक्यं मी मनात तयार करून ठेवली होती. कागद उघडला. यादी होती, ट्यूना, सॅल्मन, सगळं. ब्राझील नटच्या पुढं लिहिलं होतं, दिवसाला एकच. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, स्वच्छ मराठीत : डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. त्या दिवशी हे त्या बोलल्याही असतील. मी बहुतेक शेजारणीच्या कानात काहीतरी विनोद सांगत असणार.

अक्का आता बरी आहे. धारा काढते. आप्पांनी भीतीनं का होईना, तिची गोळी स्वतः ताब्यात घेतली आहे. पहाटे पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या उशाशी उभे राहतात आणि गोळी गिळल्याशिवाय हलत नाहीत. पाऊण तास चहाला हात लावू देत नाहीत, स्वतःही घेत नाहीत. अंडं ती रोज एक खाते. दाण्यांच्या उरलेल्या बरणीचं काय केलं ते मी विचारलं नाही.

मी मात्र जास्तच काळजी घ्यायला लागले. दर दोन दिवसांनी फोन, गोळी घेतली का, रक्त कधी तपासायचं, तारीख लिहून ठेवा. आवाज गोड ठेवून बोलते, टोमणा गिळते. परवा रविवारी गेले तेव्हा ती दारात बसून मेथी निवडत होती. मी शेजारी बसले.

"अक्का, ह्या वेळचा रिपोर्ट यायला पाहिजे होता ना आता?"

"आला की. मागच्या बुधवारी."

"मग मला पाठवला नाहीत?"

"डॉक्टरलाच दावला. हाय तीच गोळी चालू ठिवा म्हनले."

"अहो, पण मला फोटो तरी पाठवायचा. मी बघितला असता."

अक्काचे हात थांबले नाहीत. ती रागावलेली नव्हती. माझ्याशी बोलताना आता लांबही बसत नाही. एक जुडी संपवून तिनं दुसरी घेतली आणि मग म्हणाली, "कशाला, मॅडम? तू बोलतीस त्यातलं खरं कुठलं आन् चेष्टा कुठली, त्ये मला वळखू येत न्हाई."